पुतळामावशीच्या माडीवरच्या मुली

आमच्या बेलापूरच्या ऑफिसात हॉकी खेळलेली मी एकटीच. त्यामुळे हॉकीची कुठलीही बातमी आली की लोक ती घेऊन माझ्या टेबलापाशी येतात. मध्यंतरी मुलींच्या लीगमध्ये एका संघानं अठरा वर्षांची मुलगी घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत त्यावरून वाद सुरू झाला. शेजारी बसणारा स्वानंद म्हणत होता, ज्युनिअरमध्ये एवढे गोल मारलेत म्हणजे पोरगी तयारच आहे. दुसऱ्याचं म्हणणं, मोठ्यांच्यात पहिल्याच धडकेला गळून जाईल. शेवटी दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मला नाही सांगता येणार. त्यांना वाटलं मी टाळतेय. मला पुतळामावशी आठवली होती, आणि तिची गोष्ट डबा संपेपर्यंत सांगून होण्यातली नव्हती.

मी मिरजेची. गोलकीपर. दोन हजार तेरा साली सतराव्या वर्षी एका कंपनीच्या ज्युनिअर संघात माझी निवड झाली. कंपनीचं ॲस्ट्रोटर्फचं मैदान रबाळ्याच्या बाजूला होतं. आमच्या प्रशिक्षक सुचितामॅडम, स्वतः बारा वर्षं मोठ्या संघांतून खेळलेल्या. संघातल्या बाहेरगावच्या सहा जणींना राहायला जागा हवी होती. मॅडमनी नव्या सेक्टरांतल्या सोसायट्या पालथ्या घातल्या. पहाटे पाचला काठ्या घेऊन बाहेर पडणाऱ्या सहा मुली म्हटल्यावर सगळ्या सेक्रेटऱ्यांनी हात वर केले. अखेर कुणीतरी घणसोली गावातलं पुतळा मढवींचं घर सुचवलं. मावशीनं मॅडमना एवढंच विचारलं, "पोरी मासली खातान ना?" चार जणी खातात, दोघी शिकतील, असं मॅडमनी सांगितलं आणि आम्ही माडीवर राहायला गेलो.

मावशी तेव्हा साठीच्या आसपास असेल. बुटकी, रुंद खांद्यांची, चालताना एका बाजूला झुकणारी. लग्न होऊन आली तेव्हा गावामागे भातशेती होती. ती जमीन सिडकोनं शहरासाठी घेतली. नवरा हिरामण शेतावरून उठून औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात लागला आणि पंचेचाळिशीत वारला. मुलगा तेजस ऐरोलीला फ्लॅटमध्ये राहायचा. आईनं तिकडे यावं म्हणून दर रविवारी सांगायचा आणि मावशी दर रविवारी त्याला जेवायला घालून परत पाठवायची. तिचं घर म्हणजे दोन्ही बाजूंच्या भिंतींना चिकटून उभी राहिलेली तीन मजली इमारत. खाली ती, मधल्या मजल्यावर भाडेकरू, वरच्या माडीवर आम्ही. आमच्या खिडकीतून हात लांब केला तर समोरच्या घरातली तुळस खुडता आली असती.

पहिल्या दिवशी मी तिला "मावशी, तुम्ही" म्हणाले. तिनं मला आपादमस्तक पाहिलं. "तुमी कोनाला बोलतंस? मी एकटीच उभी हाय." तेव्हापासून "तू".

त्या दोन वर्षांतलं मला काय काय आठवतं. गोलकीपरचं सामान घामानं भिजलं की त्याला येणारा वास खेळाडूंनाही सहन होत नाही. मिरजेला आई ते घरात घेऊ द्यायची नाही. मावशीनं पहिल्याच आठवड्यात माझी पॅडं उचलली आणि गच्चीवर बोंबील वाळवायच्या दोरीवर टांगली. "वासाला काय झालं?" म्हणाली. पुढची दोन वर्षं माझ्या पॅडांना घामाचा कमी आणि सुकटीचा जास्त वास यायचा. समोरच्या संघाच्या मुली गोलजवळ यायला कचरायच्या, असं आम्ही गमतीनं म्हणायचो.

सकाळचा सराव आटोपून आम्ही तळवलीवरून चालत घरी यायचो, तेव्हा तांदळाच्या भाकऱ्यांची चवड तयार असायची. सोबत वालाचं बिरडं, कधी कोलंबी, कधी नुसतीच सुकट आणि कांदा. आम्ही जेवत असताना मावशी जिन्याच्या पायरीवर बसायची. सामन्याचं काही विचारायची नाही. तिला त्यातलं कळतही नव्हतं. कोण किती खातंय, कुणी पान तसंच सारलं, कोण कुणाशी बोलत नाही, एवढंच ती बघायची. संध्याकाळी खोबरेल तेल गरम करून आणायची आणि जिचे पाय पुढे येतील तिचे रगडायची.

माझे पाय नेहमी पुढे असायचे. मी कुरकुऱ्या स्वभावाची. गुडघा दुखतो, अंगठ्याचं नख उखडलंय, भाकरी कडक झाली, उशी सपाट आहे, आईचा फोन आला नाही. मावशी हसत ऐकायची. बाकीच्या मुली मला "तक्रारपेटी" म्हणायच्या.

राही माझ्या बरोबर उलटी. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या डोंगरातली, पंधराव्या वर्षी संघात आलेली. घरात तिचं नाव राहीबाई होतं, ती कागदोपत्रीही तेच लावायची. काटकुळी मुलगी, पण पेनल्टी कॉर्नरला काठीवरून चेंडू असा ओढून फेकायची की फळीचा आवाज आल्यावरच गोल झाल्याचं कळायचं. सरावात मी तिच्यासमोर उभी राहायचे, म्हणून मला माहीत आहे. दुसऱ्या वर्षी राज्याबाहेरचे लोक तिला बघायला येऊ लागले. तिच्या नावाआधी "भविष्यातली" हा शब्द वर्तमानपत्रांत छापून यायला लागला. ती मात्र कुणाशी फार बोलायची नाही. हाक मारली तरी कधी कधी वळायची नाही. आम्हाला वाटायचं, थोडा भाव खाते.

दोन हजार पंधराच्या मे महिन्यात एका मोठ्या व्यावसायिक संघानं तिला मागितलं. राही सतरा वर्षांची होती. मॅडमना लेखी शिफारस द्यायची होती. त्या दिवशी त्या घरी आल्या, तेव्हा मी मावशीशेजारी बसून कोलंबी सोलत होते. मॅडम बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या, मग म्हणाल्या, सगळे म्हणतात राही तयार आहे, मलाही तसंच वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

मावशी हात धुऊन पदराला पुसत म्हणाली, "मना खेलातलं काय कलत नाय म्याडम. पन ती पोर आजून नको धारू."

आत्ताच का पाठवू नको, असं मॅडमनी विचारलं.

"तिला दुखलं तं ती बोलत नाय. दोन वरसं झाली, एकदा पन पाय पुढं केला नाय. मी वडून घेतला तवा बघला, टाचंला ही एवढी भेग. तशीच धावत व्हती." मग माझ्याकडे हनुवटी करून म्हणाली, "ही गीता बघा. हिला मुंगी चावली तरी गावाला कलतं. हिला कुठं पन धारा."

मॅडम हसल्या. मलाही हसू आलं, आणि कुठंतरी बरंही वाटलं. पण मला खेळासाठी कुणीच मागितलं नव्हतं, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. मॅडमनी मावशीचं ऐकून घेतलं आणि शिफारशीवर सही केली. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. असा निरोप मुलीच्या आयुष्यात दोनदा येईलच, अशी खात्री कुणी द्यायची?

राही जूनमध्ये गेली. जाताना मावशीच्या पाया पडली. मावशीनं तिच्या पिशवीत सुकटीची पुडी आणि तेलाची बाटली घातली.

त्या वर्षी ज्युनिअर संघातलं माझं वय संपलं. मॅडमनी मला समोर बसवून सांगितलं की मोठ्यांच्या संघासाठी तुझे पाय हळू पडतात, तू नोकरीची परीक्षा दे. मी तीन दिवस रडले आणि मग खेळाडूंच्या कोट्यातून बेलापूरच्या नोकरीसाठी अर्ज भरला. मावशीनं माझी जागा रिकामी करू दिली नाही. नोकरी लागेपर्यंत मी माडीवरच होते, म्हणून पुढचं मला बघायला मिळालं.

राहीचे सुरुवातीचे सामने आम्ही मोबाइलवर पाहिले. पहिल्या तीन सामन्यांत दोन गोल. नंतर ती शेवटच्या दहा मिनिटांत दिसायला लागली, नंतर बाकावर. तिच्याबद्दल उलटसुलट कानावर यायचं. सूचना ऐकत नाही, हाका मारल्या तरी जागा सोडत नाही, डोक्यात हवा गेलीय. नोव्हेंबरात मॅडमना फोन आला. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला होता आणि राही त्यावर जवळजवळ दीड महिना खेळत होती. कुणालाही सांगितलं नव्हतं. एका सामन्यात तो तडा पुरता उलला आणि तिला उचलून बाहेर आणावं लागलं.

मावशीनं मॅडमना एका शब्दानंही टोचलं नाही. तिनं तेजसला फोन करून गाडी मागवली आणि दुसऱ्या दिवशी दोघं जाऊन राहीला घेऊन आली. अकोल्याला घर डोंगरात, प्लास्टर घेऊन चढणार कशी, म्हणून राही घणसोलीत राहिली. माडीचा जिना चढवेना, तर मावशीनं तिला खाली स्वतःच्या खोलीत ठेवलं. सात महिने.

त्या सात महिन्यांत मावशीनं एक नेम धरला. सकाळी चहाचा कप हातात घेऊन ती राहीसमोर उभी राहायची आणि विचारायची, आज कुठं दुखतंय? राही म्हणायची, कुठं नाही. मावशी कप घेऊन स्वयंपाकघरात परत जायची. चहा हवा तर काहीतरी दुखलं पाहिजे, असा कायदाच. आठवडाभर राहीनं बिनचहाची सकाळ काढली. मग एकदा म्हणाली, पाय. मावशीनं चहा दिला आणि सांगितलं, पायाचं सगल्यांना म्हायती हाय, उद्या दुसरं सांग. मग पाठ, मग दाढ, मग घरची आठवण. मी ऑफिसच्या परीक्षेचा अभ्यास करत पलीकडे बसलेली असायचे.

एका सकाळी राहीनं कप येण्याआधीच मावशीला हाक मारली. मग म्हणाली, "मावशी, मला उजव्या कानानं ऐकूच येत नाही."

माझ्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. लहानपणी तिचा कान फुटायचा, मग ऐकायला कमी येत गेलं. सांगितलं तर संघातून काढतील, या भीतीनं तिनं शाळेपासून लपवून ठेवलं होतं. आमच्यात ते खपून गेलं, कारण गोलमधून मी एवढ्या मोठ्यानं बोंबलत असायचे की बहिऱ्यालाही चुकवता आलं नसतं. मोठ्या संघात कुणी तसं ओरडत नव्हतं. उजवीकडून आलेली हाक तिच्यापर्यंत पोचतच नव्हती, आणि लोक म्हणत होते हवा गेलीय. त्यात आम्हीही होतो. दोन वर्षं एका खोलीत झोपून आम्हाला कळलं नव्हतं.

मावशीनं तिला चहा दिला. मग बसून पहिल्यांदाच नवऱ्याबद्दल बोलली. कारखान्यातून आल्यावर हिरामण छाती चोळत बसायचा. विचारलं की म्हणायचा, काही नाही, दमलोय. काम जाईल म्हणून साहेबाला सांगितलं नाही आणि बायको घाबरेल म्हणून तिलाही नाही. "सांगला असता तं काय झाला असता, मना म्हायती नाय," मावशी म्हणाली. "पन मी बाजूला तरी बसली असती."

वाशीच्या एका डॉक्टरांनी राहीच्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन केलं. पूर्ण नाही, पण बरंचसं ऐकू यायला लागलं. ज्या संघानं तिला नेलं होतं, त्यांनी करार पुढे वाढवला नाही. दोन वर्षं ती मॅडमकडे पुन्हा ज्युनिअर मुलींबरोबर घाम गाळत राहिली. वर्तमानपत्रांना तोवर दुसरी कुणी "भविष्यातली" सापडली होती. विसाव्या वर्षी ती एका सरकारी खात्याच्या संघात लागली. नव्या प्रशिक्षकांना तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, उजव्या बाजूनं मोठ्यानं हाक मारा. तिथं ती आठ मोसम खेळली, एक मोसम कर्णधारही होती. देशासाठी खेळायचं मात्र राहून गेलं. त्याचं तिला वाईट वाटतं, आणि आता ती ते सांगते.

कंपनीनं पुढे संघ बंद केला. मॅडम पुण्याला गेल्या. मी लग्न करून खारघरला आले. मावशीच्या माडीवर आता घणसोली स्टेशनजवळच्या ऑफिसांत जाणारी मुलं राहतात. ती बाहेरून डबे मागवतात, याचा तिला राग आहे. डोळ्यांना कमी दिसतं, पण पायरीवर बसणं सुटलेलं नाही.

गेल्या महिन्यात राही खेळातून निवृत्त झाली आणि मला फोन करून म्हणाली, मावशीकडे जाऊ. आम्ही दोघी गेलो. दुपारची वेळ होती. मावशीनं आम्हाला जेवायला वाढलं आणि आमच्या वेळच्या मुलींची नावं एकेक करून घ्यायला लागली. कोण कुठं आहे, कुणाला किती मुलं. एक रेल्वेत, एक शाळेत शिक्षिका, एकीचं सांगलीला कापडाचं दुकान. सगळ्यांचं सांगून झालं.

"आनि ती क्षिप्रा?" मावशीनं विचारलं. "डावीकडं खेलायची. काकडी मागायची सारखी."

मी राहीकडे बघितलं. क्षिप्रा आमच्यात पाच महिनेच होती. कामगिरी कमी पडली म्हणून तिला परत पाठवलं होतं. त्यानंतर तिचं काय झालं, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तिचं आडनावही मला पटकन आठवेना.

"तिचा पन बघा पोरींनो," मावशी म्हणाली.

राहीनं डाव्या हातानं मोबाइल घेतला आणि उजवा हात उष्टाच ठेवून मॅडमचा पुण्याचा नंबर लावला.