आईचं माहेरचं आडनाव

नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि मी कोपरगावात टायपिंगचा क्लास चालवत होते. मुलं टाइपरायटर सोडून कॉम्प्युटरकडे पळत होती. एसटी स्टँडजवळ पहिलं इंटरनेट कॅफे उघडलं, तेही माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं. तीसच्या स्पीडला हा दोनदा नापास झालेला.

धाकटी बहीण त्याच वर्षी कोल्हारचं नवऱ्याचं घर सोडून पुण्याला गेली. का सोडलं ते तिच्या दंडावर दिसत होतं, त्यामुळे मी फार विचारलं नाही. तिला नोकरी लागली, महिलांच्या हॉस्टेलात जागा मिळाली. तो पत्ता तिच्या नवऱ्याला कळू द्यायचा नव्हता. पत्र नको, कारण मी क्लासला असले की पोस्टमन आमची पत्रं शेजारी द्यायचा आणि शेजारी तिच्या नवऱ्याची आत्या राहायची. एसटीडी बूथला काच होती, पण आतलं बोलणं बाहेरच्या रांगेला सगळं ऐकू यायचं. बहिणीच्या ऑफिसात कॉम्प्युटर होता. ती म्हणाली, ईमेल सगळ्यात सुरक्षित. मी मानलं.

खातं उघडताना लांबलचक फॉर्म आला. पासवर्ड विसरलात तर विचारायला एक प्रश्न होता, आईचं माहेरचं आडनाव काय? मी लिहिलं. उभा जन्म मी फॉर्म असेच भरले आहेत, विचारलं ते, खरं, खाडाखोड न करता.

उठताना काउंटरवर नजर गेली. फुलस्केप वहीत रखाने आखलेले. नाव, ईमेल, पासवर्ड. माझ्या नावापुढे माझा पासवर्ड लिहून तयार.

"हे काय आहे?"

"मॅडम, लोकं इसरत्यात. मंग मलाच इचारत्यात."

"तुला माझा कसा कळला?"

"तुमी टाइप करताना बोलत हुता की."

हे खरं होतं. चाळीस मुलींना अक्षरं मोठ्यानं सांगायची सवय. मी त्याच्याकडून पेन घेतलं आणि ती ओळ कागद फाटेपर्यंत खोडली. परत बसून पासवर्ड बदलला, तोंड मिटून.

"आता भिंतीकडे बघ," मी म्हणाले.

"मॅडम, माझ्यावर भरवसा न्हाई व्हय?"

"तुझ्या वहीवर नाही."

तेव्हापासून मी आले की तो आपणहून भिंतीकडे तोंड करायचा आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगायचा, "थांबा जरा, मॅडमची तिजोरी उघडतीय." लोक हसायचे. हसू देत. मी पासवर्ड कुठे लिहिला नाही, कुणाला सांगितला नाही, दर पंधरा दिवसांनी बदलला. आणखी काय करायचं असतं माणसानं?

मग एका सोमवारी पासवर्ड चालेना. मी पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा एकेक कळ बघून टाकला, जे मी वीस वर्षांत केलं नव्हतं. चुकीचा आहे म्हणे.

"त्यात काय," कॅफेवाला भिंतीकडे बघतच म्हणाला. "खाली 'विसरलात का' दाबा. प्रश्न येतो. परवा पावन्यांना पन तेच करून दिलं."

"कोणत्या पाहुण्यांना?"

"तुमचे कोल्हारचे. म्हनले, मॅडमना पासवर्ड आठवंना, मला पाठवलंय. तुमची ईमेल त्यांच्याकडं चिठ्ठीवर लिवलेली हुती. उत्तर त्यांनी फटकन दिलं. मला वाटलं, घरचंच मानूस हाय."

मी तो प्रश्न उघडला. आईचं माहेरचं आडनाव काय? ज्या माणसासमोर आमच्या मामांनी बहिणीला हाताला धरून बोहल्यावर उभं केलं, त्याला मामांचं आडनाव माहीत नसेल? लग्नपत्रिकेत तर सगळे मामा एकाखाली एक छापले होते. अख्ख्या तालुक्याला माहीत असलेली गोष्ट ही वेबसाइट गुपित म्हणून विचारत होती आणि मी शहाणीनं खरं उत्तर दिलं होतं. मला बहिणीच्या नवऱ्याचा राग आला, कॅफेवाल्याचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या फॉर्मपुढच्या माझ्या आज्ञाधारकपणाचा.

तेच उत्तर देऊन मीही आत शिरले. बहिणीचं शनिवारचं ईमेल मी पाहिलंच नव्हतं, तरी उघडलेलं दिसत होतं. त्यात हॉस्टेलचा पत्ता होता, खोली नंबरासकट. पार्सल पाठवायला म्हणून मीच मागवलेला.

बूथवर रांग होती. मी रांग सोडून आत गेले आणि तिच्या ऑफिसला फोन लावला. बाहेरच्यांना काय ऐकायचं ते ऐकू दे.

"तो काल आला होता," ती म्हणाली. "वॉर्डननं खाली थांबवून ठेवला. मी मागच्या दारानं मैत्रिणीकडे गेले. आज सामान हलवतेय. ऑफिसचंही बघावं लागेल."

"कुठे हलवतेयस?"

ती शांतपणे म्हणाली, "ताई, तो पत्ता फक्त तुला दिला होता."

माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. भिंतीकडे तोंड करणारा कॅफेवाला, फाटलेलं वहीचं पान, पंधरा दिवसांनी बदललेले पासवर्ड. मी त्यातलं काहीच सांगितलं नाही. सगळं केलं होतं आणि पत्ता गेला होता.

कॅफेत परत जाऊन नवीन खातं उघडलं. प्रश्न तोच आला. या वेळी आईला मी असं माहेर दिलं की तिच्या भावांनी मला दारात उभं केलं नसतं. ते आडनाव मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. कॅफेवाला म्हणाला, "मॅडम, परत कुनी आलं तर मी काय सांगू?"

"सांग, मॅडमना नातेवाईक नाहीत."

नवीन ईमेल बहिणीला फोनवर एकेक अक्षर सांगून कळवलं. दोन आठवड्यांनी तिकडून दोन ओळी आल्या. मी बरी आहे. कुठे राहते ते विचारू नकोस.

मी विचारलं नाही. दीड वर्ष पार्सलं तिच्या मैत्रिणीच्या पत्त्यावर जात राहिली.