भट्टीवरचा पैलवान

माझ्या मामाला सगळी वस्ती पैलवान म्हणायची. आखाड्याचं तोंडही त्यानं कधी पाहिलं नव्हतं. बाटल्यांच्या कारखान्यात काचेच्या भट्टीपुढे तो इतरांपेक्षा एक पाऊल पुढे उभा राहायचा, एवढंच. "नरकात गेलो तर मला थंडी वाजेल," म्हणायचा आणि स्वतःच सगळ्यांच्या आधी हसायचा.

घर कारखान्याच्या भिंतीला लागूनच होतं. दोन खोल्या, वर पत्रा. यंत्रांच्या घरघरीनं फळीवरच्या वाट्या सतत किणकिणायच्या. वाळत घातलेल्या कपड्यांवरची काजळी झटकून मामीचे हात काळे व्हायचे. मामाची पाळी दर आठवड्याला बदलायची, त्यामुळे त्याची झोप कधी धड झालीच नाही.

एका दुपारी भट्टीपुढे त्याच्या छातीत कळ आली, डावा हात भरून आला. पित्त झालं असेल म्हणून तो सोडा प्यायला आणि पाळी पूर्ण करूनच निघाला. घरी आला तो भिंतीचा आधार घेत. मामीनं शेजाऱ्याच्या गाडीत घालून त्याला दवाखान्यात नेलं.

"हृदयाचा काही भाग कायमचा निकामी झालाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं उष्णता, आवाज, धूर, त्यात झोप नाही. गोळ्या देते, पण तिथून बाहेर पडा."

"म्हणजे काम सोडायचं की घर?" मामीनं विचारलं.

"जमलं तर दोन्ही."

मामीला हसू आलं. रडायची वेळ होती, पण हसूच आलं.

मुकादमानं त्याला फाटकावर बसवलं. "बसून काम आहे पैलवान, राजासारखं!" पण फाटकाशी ट्रक इंजिन चालू ठेवूनच थांबायचे. सगळा धूर त्याच्या केबिनमध्ये शिरायचा. मामा चार पावलं चालला तरी धापा टाकायला लागला. भट्टीवरचे सोबती जाता-येता "काय राजे!" म्हणायचे, तेव्हा तो खाली बघायचा.

शेवटी मामीच्या भावानं हट्टानं दोघांना आपल्या घरी नेलं. गावाबाहेरचं घर, मागे झाडं. मी भेटायला गेले तर मामा चक्क पलीकडच्या विहिरीपर्यंत फिरून आला होता. चेहऱ्यावर तजेला होता.

"इथे तुझी मामी हळू बोलली तरी मला ऐकू येतं गं," तो म्हणाला.

"म्हणून तर मी बोलतच नाही," आतून मामी.

त्यांना असं एकमेकांची थट्टा करताना मी किती वर्षांनी पाहत होते.

पण पाहुणा किती दिवस पाहुणा राहणार? मामानं दारोदार काम विचारलं. जे मिळत होतं ते ओझी उचलायचं. मामीची भावजय तोंडानं काही बोलली नाही, पण तिची भांडी आपटायला लागली. एका सकाळी मामानंच पिशव्या भरल्या. "गोडीत निघालेलं बरं," एवढंच म्हणाला. तो परत फाटकावर बसायला लागला.

तो गेला तो भरदुपारी, खुर्चीतच. फाटक उघडेना म्हणून ट्रकवाला किती तरी वेळ भोंगा वाजवत राहिला. मग शिव्या देत खाली उतरला, केबिनमध्ये डोकावला आणि परत जाऊन त्यानं इंजिन बंद केलं.

भट्टी थंड होऊ देता येत नाही. त्यामुळे सोबती अंत्यदर्शनालासुद्धा एकदम आले नाहीत. दोघं-तिघं यायचे, पाया पडायचे आणि लगबगीनं परतायचे. घामानं भिजलेले सदरे, लालबुंद तोंडं. एक जण मामाच्या पायाशीच मटकन बसला, उठेना. मामीनं त्याला पाणी दिलं.

"जरा बसा भावोजी," ती म्हणाली.

"नाही वहिनी, तिकडे माणूस कमी आहे," म्हणत तो दाराच्या चौकटीला धरून उठला आणि गेला.