सोनाबाईच्या पिठात मीठ नव्हतं

रेवसच्या धक्क्यावरून खाडीच्या बांधानं आमच्या गावाकडं यायला निघालं, की पहिलं घर लागतं ते सोनाबाईचं. घराच्या मागं विटांची एक बुटकी भट्टी आहे. ती पेटलेली असली तर वास आधी भेटतो आणि घर नंतर दिसतं. ईडलिंबाच्या सालीचा, लोण्याचा आणि फुगलेल्या पिठाचा वास. लाँचमधून उतरलेला माणूस त्या वासावर नुसता उभा राहिलेला मी कितीदा पाहिला आहे.

सोनाबाई मिठागरातली. बापाचं मिठागर होतं, सासऱ्याचंही होतं. आज दोन्ही नाहीत. बांध फुटले, भरतीचं पाणी आत आलं ते परत गेलंच नाही, आणि मिठाच्या खाचरांत तिवरं वाढली. पण मिठाचा मान तिच्या घरातून गेला नाही. मीठ कुणाच्या हातावर द्यायचं नाही. सांडलं तर पायाखाली येऊ द्यायचं नाही. दिवा लागल्यावर त्याचं नाव घ्यायचं नाही. तिच्या आईनं हे पाळलं, तिनंही पाळलं, आणि का पाळायचं हे दोघींनी कुणाला विचारलं नाही.

भट्टी बांधली तिच्या नवऱ्यानं, दिनानाथनं. मुंबईच्या एका बेकरीत त्यानं वीस वर्षं पीठ मळलं. महिन्यातून एकदा भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं यायचा, आणि येताना बायकोसाठी साडी नव्हे, खमिराची पुडी आणायचा. त्यानं तिला गोड रोल शिकवले. मैदा, दूध, अंडी, लोणी, साखर, खमीर. मळलेलं पीठ फडक्याखाली झाकून ठेवायचं, फुगलं की पोळीसारखं लाटायचं, वर लोणी आणि साखर पसरून अळुवडीसारखा उंडा वळायचा, आणि जाळ्याच्या दोऱ्यानं त्याच्या चकत्या कापायच्या. सुरीनं कापलं तर चकती चेपते. बेकरीत त्यात दालचिनी घालत. सोनाबाईनं परसातल्या ईडलिंबाची साल किसून साखरेत चोळली. दिनानाथनं पहिला रोल खाल्ला आणि बोटं चाटली. मग म्हणाला, "बेकरीवाल्याला सांगू नको गं, मना कामावरून काढंल नि तुला ठेवंल."

त्याचं एक वाक्य ती अजून सांगते. "खमीर म्हंजे वासरू, नि मीठ म्हंजे दावं. दावं न्हाय तर वासरू उधळतं." गोड रोलच्या पिठातही मीठ लागतंच. थोडंच, पण लागतं.

दिनानाथला जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा रितेश उरणच्या बंदरावर कंटेनरचा ट्रेलर चालवतो, आठवड्यातून एक दिवस घरी असतो. गेल्या मार्गशीर्षात त्याचं लग्न झालं. सून हेमांगी, वडील मूळचे नगरकडचे, पण ती खारघरला सातव्या मजल्यावर वाढलेली. लग्नाला पुरते पंधरा दिवस झाले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट.

शेजारच्या बुधाजीच्या रुचिकाची हळद शनिवारी होती. बुधाजी स्वतः सांगायला आला. "वैनी, पावण्यांच्या सकालच्या चायला तुझंच रोल. दीडशे. आमची पोर सांगते, मांडव नसला तरी चालंल, पन काकीचं रोल पायजेत."

सोनाबाई हसली. तरी एक घाणा आधी करून बघावा, असं तिनं ठरवलं, कारण खमिराची पुडी नव्या दुकानातली होती. बुधवारी तिन्हीसांजेला ती पीठ मळायला बसली. थंडीत पीठ सावकाश फुगतं, म्हणून संध्याकाळी मळायचं आणि पहाटे भाजायचं, ही दिनानाथची रीत. हेमांगीला तिनं पहिल्यांदाच हाताखाली घेतलं होतं. स्वतःचे हात कोपरापर्यंत पिठात, आणि सून डबे उघडून हे दे, ते दे करत होती. मळून झालं, पितळेच्या टोपात ठेवलं, वर फडकं टाकलं. दोघी झोपल्या.

पहाटे सोनाबाई स्वयंपाकघरात गेली आणि दारातच थांबली.

फडकं टोपावर नव्हतं. पिठानं ते उचलून बाजूला सारलं होतं. टोपाच्या चारी अंगांनी पांढरा लोळ खाली उतरला होता, ओट्यावरून जमिनीवर आला होता, आणि अजून हळूहळू सरकत होता. मध्येच एखादा बुडबुडा फुटायचा. थंडीच्या दिवसांत, चाळीस वर्षांत, तिचं पीठ असं कधी उतू गेलं नव्हतं.

तिनं बोटानं कडेचं पीठ उचलून जिभेला लावलं.

मीठ नव्हतं.

ती जमिनीवर पिठाशेजारीच बसली.

एखाद्या बाईला वाटेल, विसरलं मीठ, त्यात काय! पण सोनाबाईच्या आईचं असंच सुरू झालं होतं. एका दुपारी कालवणात मीठ नव्हतं. घरात सगळे हसले, 'मिठागरवाल्याची बाय, नि मीठ इसरली!' आई पण हसली. दोन महिन्यांनी ती धाकट्या मुलीचं नाव विसरली. तिसऱ्या वर्षी भर उन्हात, मीठ ओढायची लाकडी फळी खांद्यावर घेऊन घरातून निघून गेली. मिठागर तेव्हा बुडालं होतं. ती खाडीत मांडीभर चिखलात उभी सापडली, भरती चढत होती, आणि ती सोनाबाईकडं परक्यासारखं बघून विचारत होती, "बाय, इथलं मीठ कुनी नेलं?"

ते अळणी कालवण झालं तेव्हा आईला एकसष्टावं चालू होतं. सोनाबाईला आता एकसष्टावं चालू होतं.

हेमांगी उठून आली तेव्हा जमीन पुसून झाली होती. उरल्या पिठाचे रोल भाजले. ते चपटे झाले, एकमेकांत मिसळले, आणि नुसते गोडमिट्ट लागले. सोनाबाईनं सगळे कोंबड्यांना टाकले.

"आई, काय चुकलं?" हेमांगीनं विचारलं.

"काय न्हाय. पुडी वायीट व्हती."

खरं तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण भीती तोंड शिवून टाकते. आणि हेमांगीला वाटलं, सासूबाई आपल्यावरच रागावल्या. तीही गप्प झाली. एका घरात दोन बाया दोन वेगळ्या भीती घेऊन वावरू लागल्या.

गुरुवारचा सगळा दिवस सोनाबाईनं स्वतःची परीक्षा घेण्यात घालवला. कोंबड्यांना दाणे टाकताना तिनं माहेरच्या भावंडांची नावं म्हणून पाहिली. सासरच्या पाच जावा, त्यांची मुलं. लाँचच्या जुन्या तांडेलांची नावं. एका तांडेलाचं नाव काही केल्या आठवेना, आणि ती सगळी नावं पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली. दुपारी भट्टीचा चिमटा सापडेना. तो भट्टीवरच होता. संध्याकाळी तिनं हेमांगीला हाक मारली ती आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं. हेमांगी 'ओ' देऊन आली, तिनं ते मनावरही घेतलं नाही. पण सोनाबाई तोंड फिरवून भिंतीकडं बघत उभी राहिली.

तिला सगळ्यात भीती कशाची वाटत होती? मरणाची नाही. बुधवारची संध्याकाळ तिला स्पष्ट आठवत होती, त्याची. आपण मीठ मागितल्याचं आठवत होतं. दिव्याच्या उजेडात पांढरे दाणे पिठावर पडताना तिनं डोळ्यांनी पाहिले होते. मग ते गेले कुठं? विसरणं एक वेळ समजतं. पण न घडलेलं घडलं म्हणून आठवायला लागलं, तर माणसानं कशावर पाय ठेवायचा? आईलाही असंच स्पष्ट दिसत असेल का, बुडालेल्या मिठागरातलं मीठ?

शुक्रवारी सकाळी ती बुधाजीच्या दारात गेली. मनाशी ठरवून गेली होती, की सांगायचं, मना जमनार न्हाय, पाव मागवा अलिबागवरून. अंगणात मांडव चढत होता. बुधाजीची म्हातारी आई खुर्चीवर बसून सगळ्यांवर हुकूम सोडत होती.

"ये सोने! तोंड कशाला उतरलंय? नवी सून जेवाया घालते का न्हाय?"

"घालते गो मावशी."

"मंग? रोल कधी भाजतंस? मना दात न्हाईत, माझं मऊ कर."

रुचिका आतून धावत आली आणि तिनं सोनाबाईच्या गळ्यात हात टाकले. "काकी, माझ्या मैत्रिणी पनवेलवरून फक्त रोल खायला येतायत. हळदीचं नुसतं निमित्त."

सोनाबाईनं तोंड उघडलं. "भाजते बाय," एवढंच बाहेर आलं. परतीची चार पावलं बांधावरूनच होती. खाडीला भरती लागली होती. तिनं खाडीकडं पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी ती पुन्हा पिठाला बसली. आज तिनं शेजारी सात शिंपले मांडले होते. एक जिन्नस पिठात गेला की एक शिंपला उजवीकडून डावीकडं. मैदा, एक शिंपला. दूध, दुसरा. अंडी, लोणी, साखर, खमीर. सहा शिंपले डावीकडं गेले. एक उरला. तिनं देवाचा दिवा लागलेला पाहिला. हात पिठात रुतलेले होते. तिनं उरलेल्या शिंपल्यावर नजर रोखली, आणि आज डोळ्यांची पापणीही हलवायची नाही असं ठरवून म्हणाली,

"हेमांगी, गोडं दे गं. चार चमचं, सपाट."

हेमांगीनं फळीवरचा डबा काढला. झाकण उघडलं. चमचा भरला. पांढरे दाणे दिव्यात चमकले.

सोनाबाईची नजर शिंपल्यावरून चमच्यावर गेली, आणि चमच्यावरून डब्यावर.

"थांब."

हेमांगीचा हात जागच्या जागी थांबला.

"ह्यो कंचा डबा?"

"साखरेचा," हेमांगी घाबरत म्हणाली. "तुम्ही गोड मागितलंत ना?"

"बुधवारी... बुधवारी कंचा दिलतास?"

"हाच. तेव्हाही तुम्ही चार चमचे म्हणालात. मला वाटलं, आधी साखर घातली तेवढी कमी पडली असेल. गोड रोल आहेत, तर गोड जास्त..." तिचा आवाज बारीक झाला. "माझंच चुकलं ना, आई? माझ्या हातून काहीतरी चुकलं, एवढं तेव्हाच वाटलं होतं. पण तुम्ही बोलतच नव्हता माझ्याशी."

दिवा लागल्यावर मिठाला नावानं हाक मारायची नाही, म्हणून आमच्याकडं त्याला 'गोडं' म्हणतात. सोनाबाई जन्मापासून तसं म्हणत आली. घरात कुणी कधी चुकलं नाही, कारण घरात कधी सातव्या मजल्यावरून कुणी आलं नव्हतं.

सोनाबाईच्या तोंडून एक आवाज निघाला. हेमांगीला वाटलं, रडतायत. तिनं डबा टाकला आणि जवळ आली. सोनाबाई हसत होती, पण डोळ्यांतून पाणी पिठात पडत होतं, आणि हात भरलेले असल्यानं पुसता येत नव्हतं. हेमांगीनं पदरानं तिचे डोळे पुसले.

"मी इसरले न्हाय," सोनाबाई म्हणत होती. "पोरी, मी इसरले न्हाय गं."

मग तिथंच, पिठाच्या परातीवर वाकून, तिनं सुनेला आईची गोष्ट सांगितली. फळी, चिखल, भरती, आणि तो प्रश्न. रितेशलाही तिनं ती पुरी कधी सांगितली नव्हती. हेमांगी ऐकत राहिली. शेवटी सोनाबाई म्हणाली, "आता न्हाय इसरले. पन फुडं खरंच इसरले, तं मना खाडीकडं एकलीला जाऊ देऊ नको."

हेमांगीनं 'तसं काही होणार नाही' म्हटलं नाही. खोटा धीर देणाऱ्यांतली ती पोर नाही, हे आम्हाला पुढं कळलंच. ती म्हणाली, "जाऊ देणार नाही. आणि गेलातच तर मीही येईन. चिखलात दोघी उभ्या राहू."

"तुला पवता येतंय?"

"नाही."

"मंग काय उपेग तुझा!" सोनाबाई म्हणाली, आणि आता दोघीही हसल्या.

"आई, पण आता सांगा, मी कुठला डबा देऊ? इथं सगळंच पांढरं आहे."

सोनाबाईनं दिव्याकडं पाहिलं. मग फळीकडं बोट करून, साठ वर्षांत दिवा लागल्यावर जे कधी उच्चारलं नव्हतं, ते ती मोठ्यानं म्हणाली, "मीठ! ते चिनी मातीच्या बरणीतलं मीठ दे."

कुडापलीकडून बुधाजीच्या आईचा आवाज आला, "कोन गो ती अवदसा, दिवं लागल्यावर?"

"मीच गो मावशी!" सोनाबाई ओरडली, आणि सातवा शिंपला डावीकडं सरकवला.

पहाटे तिनं फडकं उचललं तेव्हा पीठ टोपाच्या काठापर्यंत येऊन थांबलं होतं. तिनं तरीही कडेचं बोटभर पीठ जिभेला लावलं. हळदीच्या सकाळी दीडशे रोल चहाआधीच संपले, म्हातारीनं आपले दोन पदराखाली लपवले. सोनाबाई आजही प्रत्येक घाण्याला ते बोट जिभेवर लावते आणि तेवढा वेळ डोळे मिटून घेते. हेमांगी समोर उभी असते. सोनाबाईनं डोळे उघडून मान हलवली, की मगच ती भट्टीत जाळाला करवंट्या टाकते.