आईंचे गुडघे आणि माल्टाचे जिने

मी ऑफिसात प्रोजेक्ट को-ऑर्डिनेटर आहे आणि घरी आल्यावरही तीच असते, हा घरच्यांचा भोग. या उन्हाळ्यात पुण्याला न जाता माल्टाला जायचं असं आमचं ठरलं, म्हणजे मी ठरवलं, आणि आठवड्याच्या आत व्हॅलेटा शहराची एक्सेल शीट तयार झाली. समुद्राकाठचं जुनं दगडी शहर, तट, बुरूज आणि थेट पाण्यापर्यंत उतरणाऱ्या जिन्यांच्या गल्ल्या. कुठली गल्ली किती वाजता उतरायची, कॉफी कुठे प्यायची, ती प्यायला किती मिनिटं लागतील, सगळं मी कॉलमात बसवलं होतं. 'रिस्क' असाही एक कॉलम होता. त्यात पहिल्याच ओळीत मी लिहिलं होतं, 'आईंचे गुडघे'.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर आम्ही त्यांना आमच्या व्हिसावर शारजाला आणलं. गेली चार वर्षं त्या अल मजाजला आमच्या बाराव्या मजल्यावरच्या घरात आमच्यासोबत राहतात.

शुक्रवारी संध्याकाळी मी शीट टीव्हीवर लावून सगळ्यांना समोर बसवलं. लेक म्हणाली, "ममा, इट्स अ हॉलिडे, नॉट अ मीटिंग." नवरा फोनमधून डोकं वर न काढता 'इन्शाल्ला' म्हणाला. आमच्या घरी याचा अर्थ 'माझं लक्ष नाही' असा होतो. मग मी जिन्यांचे फोटो दाखवले, एकेक फोटो मोठा करून, आणि आईंना म्हणाले की हे तुम्हाला झेपायचं नाही हो, उगाच हाल होतील. त्यापेक्षा ते दहा दिवस दुबईत अल बर्शाला तुमच्या लेकीकडे आरामात राहा. हे मी इतक्या मायेने म्हणाले की माझं मलाच कौतुक वाटलं. आई "बरं" म्हणाल्या आणि मटार सोलायला लागल्या. मी शीटमधली ती ओळ हिरवी केली. विषय खलास.

नंतरचे दीड-दोन महिने मी मन लावून तयारी केली. व्हिसासाठी तिघांचे फॉर्म भरले, अपॉइंटमेंट घेतली. दगडी रस्त्यांवर चालायचं म्हणून खास बूट आणले आणि हॉलमधल्या गालिच्यावर ते घालून मिरवले. खरं चालण्याचं म्हणाल, तर घरातून लिफ्ट, लिफ्टमधून पार्किंग, पार्किंगमधून ऑफिसची लिफ्ट. जिन्याचं दार आमच्या मजल्यावर नेमकं कुठे आहे, हेही मला धड ठाऊक नव्हतं.

ते कळलं अपॉइंटमेंटच्या आठवड्यात. ऑफिसातून आले तर दोन्ही लिफ्ट बंद. वॉचमन म्हणाला, "मॅडम, एक घंटा लगेगा." माझ्या हातात भाजीच्या दोन पिशव्या, पायात ते खास बूट. म्हटलं, यल्ला, चला, प्रॅक्टिस होईल. तिसऱ्या मजल्यापर्यंत मी रुबाबात गेले. चौथ्यावर कठडा धरला. पाचव्यावर चक्क पायरीवर बसले, पिशवीतली काकडी काढली आणि घामाघूम होऊन खायला लागले.

तेवढ्यात खालून पावलं वाजली. शांत, एका लयीत. बघते तर आई. पदर खोचलेला, खांद्यावर नॅपकिन, श्वाससुद्धा फारसा लागलेला नाही. मला बघून त्या थबकल्या.

"आई, तुम्ही इथे काय करताय?"

त्यांनी नॅपकिनने मान पुसली आणि सहज सांगितलं की तू टीव्हीवर जिने दाखवलेस ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून येतेय. आधी दोन मजले, मग चार, आता पूर्ण बारा. सकाळी तुम्ही सगळे बाहेर पडलात की एकदा आणि संध्याकाळी तू यायच्या आधी एकदा. आज जरा उशीर झाला.

माझ्या तोंडात काकडी तशीच राहिली. 

"मला न्याच, असं मी म्हणत नाही," आई म्हणाल्या. "तुम्हाला तिघांनाच जावंसं वाटत असेल तर जा. मला राग नाही येणार. पण ते माझ्या गुडघ्यांवर ढकलू नकोस."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. कारण खरं तेच होतं. मला दहा दिवस असे हवे होते, की चार वाजता आईंसाठी चहा टाकायचा नाही आणि हॉटेलात प्रत्येक पदार्थात अंडं आहे का ते विचारायचं नाही. यात पाप काही नव्हतं, पण तोंडाने म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून मी त्यांच्या गुडघ्यांची काळजी पुढे केली. आणि ती काळजी खरी समजून ही बाई जिने चढत बसली होती.

माझी एक पिशवी उचलून त्या पुढे झाल्या. मी मागून धापा टाकत घरी पोचले.

रात्री जेवणं झाल्यावर टीव्ही न लावता, शीट न उघडता, मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. गुडघ्यांचं बोलले ते खोटं होतं, चुकलं माझं, असं सांगितलं. अपॉइंटमेंट परवा आहे, चौथा फॉर्म आजच भरते, आमच्याबरोबर येता का, असं विचारलं.  त्या म्हणाल्या, उद्या सांगते. मला रात्रभर धड झोप लागली नाही.

सकाळी नवरा आणि लेक बाहेर पडल्यावर मी ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं आणि बूट घालून आईंबरोबर जिन्यात गेले. तळमजल्यापासून सुरुवात केली. सातव्यापर्यंत त्यांच्या मागे होते, आठव्याला त्या दिसेनाशा झाल्या. नवव्यावर पोचले तर कठड्याला टेकून माझी वाट बघत उभ्या होत्या.

"सावकाश ये," आई म्हणाल्या. "तुला मागे ठेवून नाही जायची मी. माल्टातसुद्धा."