सिंधूताईंचा मरून पेन

सिंधूताई नर्सबाई म्हणून गावोगाव फिरल्या, शेवटची अकरा वर्षं रोहिणखेडला. बाळंतपणाचं रजिस्टर त्या शाईच्या पेननंच भरत. बदली झाली की त्या गावच्या बाजारातून एक पेन घ्यायचा, मग सणावाराला एक, असं करत करत निवृत्तीनंतर पिंपळगाव राजाला परतल्या तेव्हा लसींच्या जुन्या डब्यात एकेचाळीस पेन जमले होते. रविवारी त्या कोमट पाण्यात निबा धुवत, शाई भरत आणि प्रत्येक पेननं 'रोहिणखेड' लिहून बघत. 'ख'च्या वळणावर निबेचा स्वभाव कळतो, असं त्यांचं म्हणणं. मरून रंगाचा जाड पेन अठरा वर्षांत त्यांच्या हाताला असा बसला होता, की कागदाला नुसता टेकवला तरी ओळ सरकायची.

"एवढे पेन कायले पायजेत तुले?" यजमान माणिकराव विचारायचे. ते एसटीचे ड्रायव्हर. लिहिणं सहीपुरतं.

गेल्या दिवाळीत माणिकरावांना लकवा मारला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. बोललेलं सगळं समजायचं, पण तोंडातून नुसता घोगरा आवाज निघे. त्यांना उचलायचं, आंघोळ घालायची, भरवायचं, चादर बदलायची. सिंधूताईंनी आयुष्यभर हेच काम केलं होतं, पण तेव्हा ड्यूटी संपायची. मुलगा प्रसेनजित पुण्याहून फोन करी. "बाई ठेवू का?" म्हणे. त्या नको म्हणत, आणि फोन ठेवल्यावर आपण नको का म्हटलं, हेही त्यांना आठवत नसे.

दुपारी माणिकराव हात हलवून काहीतरी मागत. त्या पाणी देत. ते मान झटकत, कधी पेला उडवून देत. त्या फरशी पुसत.

व्यायाम करून घ्यायला येणारी अर्पिता म्हणाली, "काकू, हाताला थोडी हालचाल आली आहे. लिहायला लावा." बॉलपेन दिला, पण बोटांत दाबायला जोर नव्हता. कागदावर काही उमटेना. माणिकरावांनी तो भिरकावून दिला.

आषाढात एका दुपारी सिंधूताईंनी पेनांचा डबा काढला. सगळ्या निबांत शाई वाळली होती. आपल्याच्यानं आता हे होत नाही, धुऊन शाळेतल्या बाईंना देऊन टाकावेत, असं त्यांनी ठरवलं. मरून पेन शेवटचा धुतला, भरला. तेवढ्यात माणिकरावांचा आवाज आला. त्या पेन हातात घेऊनच गेल्या. माणिकरावांनी हात हलवून तोच मागितला.

"निब वाकडी होईन ना जी," त्या म्हणाल्या, पण ओढाताण करायची ताकद नव्हती. दिला.

वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर निब टेकली आणि जोर न लावताच शाई उतरली. अर्धा तास गेला. वाकडीतिकडी अक्षरं जुळली: खिडकी.

रस्त्याकडची ती खिडकी सिंधूताईंनी आधी थंडी म्हणून, मग ऊन म्हणून बंद ठेवली होती. त्यांनी ती उघडली. खामगावची एसटी चिखल उडवत गेली. माणिकराव बघत राहिले.

"आठ महिने मी तुमाले पाणीच पाजून राह्यली," म्हणत सिंधूताई खाटेच्या कडेला बसल्या आणि रडल्या.

मग रोज कागद येऊ लागले. 'मीठ नाई.' 'पाठ खाजवते.' 'टीवी लहान कर.' पेन शाळेत देणं राहून गेलं. मरून पेनची निब आता माणिकरावांच्या हाताच्या वळणाला बसली. एकदा सिंधूताईंनी लिहून पाहिलं तर ती कागदावर खरखरली. वाईट वाटलं, पण फार वेळ नाही. भात शिजायला लावायचा होता.

एके दिवशी कागद आला, 'तुले का पायजे?'

सिंधूताईंनी कागद दोनदा वाचला. "मले? मले झोप पायजे," त्या म्हणाल्या.

शनिवारी अर्पिता आली, तेव्हा सिंधूताई जमिनीवर चटई टाकून गाढ झोपल्या होत्या. माणिकरावांनी कागद पुढे धरला: 'बोलू नोको. ते झोपली.' अर्पितानं चपला हातात घेतल्या, आत आली आणि न बोलता माणिकरावांची बोटं एकेक करून सरळ करू लागली.