तात्यांना ‘कधीही या’ म्हणण्याआधी

पणदऱ्याच्या आमच्या शेजारच्या तात्यांइतका बोललेल्या शब्दावर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या बारामती-इंदापुरात सापडायचा नाही. उभी हयात पाटकरी म्हणून गेली. कॅनॉलचं पाणी पाळीपाळीनं ज्याच्या त्याच्या रानात सोडायचं. मंगळवारी पाच म्हटलं की मंगळवारी पाचलाच पाणी. मग दुसऱ्याचा शब्दही ते तसाच घेणार! आमच्याकडे जेवत बसलेला माणूस वाटेनं जाणाऱ्याला ‘या जेवाय’ म्हणतो आणि जाणाऱ्यानं ‘चालू द्या’ म्हणून पुढं व्हायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तात्या मात्र चपला काढायचे. एकदा बांधावर दोनच भाकरी घेऊन बसलेल्या नवराबायकोच्या मधे त्यांनी मांडी ठोकली आणि “कोरड्यास झ्याक झालंय,” अशी पावती देऊन उठले. पंक्चरवाला ‘पाच मिनिटांत देतो’ म्हणाला, तर सहाव्या मिनिटाला हे पंक्चर सायकल तशीच ढकलत घरी.

तात्यांची बायको, आमच्या काकू, वारल्या तेव्हा भेटायला आलेला प्रत्येकजण ‘काहीही लागलं तरी हाक मारा’ म्हणाला. लोकांच्या मनात दवाखाना, ट्रॅक्टर असलं काहीतरी असावं. तात्यांनी महिनाभरात सगळ्यांना हाका मारल्या, त्या एवढ्यासाठीच, “च्या एकट्याला जात न्हाय. बस जरा.” हळूहळू लोकांना ऐकू येईनासं झालं.

मी बदली होऊन इंदापूरला निघालो तेव्हा म्हणालो, “तात्या, कधीही या. घर तुमचंच हाय.” एका दुपारी ते पिशवीत वांगी आणि दोन दिवसांचे कपडे घेऊन दारात हजर. आम्ही मेहुण्याकडे बारशाला निघालेलो, कुलूप माझ्या हातात. तोंडातून निघून गेलं, “अहो, फोन तरी करायचा!”

“कधीबी ये म्हणला हुतास. फोनचं बोलला न्हाईस,” तात्या म्हणाले. मग हळूच, “ऱ्हाऊ दे, माझंच चुकलं.” वांगी देऊन ते आल्या पावली स्टॅंडवर गेले. मी थांबा म्हणालो नाही. कुलूप लावलं आणि बारशाला गेलो.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. “येऊ का?”

“या की तात्या, कधीही!”

“तसं नगं. वार सांग.”

पोरांच्या परीक्षा होत्या, घरात पाहुणे होते. मी म्हणालो, “कळवतो.” आणि कामात विसरलो.

परवा गावाकडचा एकजण भेटला. म्हणाला, तात्या हल्ली रानाकडं फिरकत नाहीत, देवळाच्या पारावरही येत नाहीत. दिवसभर आपले खिडकीपाशी बसून असतात. कुणी विचारलं तर सांगतात, “हितंच रेंज असती. पोरगं कळवतो म्हणालंय.”