ठकीबायची अळणी पेज

ठकीबायच्या घरी पहिल्यांदा जेवायला बसलो आणि पहिल्याच घासाला माझा हात थांबला. निवट्यांचं, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या लहान मासळीचं, कालवण होतं, तिखट होतं, आंबटही होतं, पण त्यात मीठ नव्हतं. बाई विसरली असेल असं वाटून नुसता भात खाऊन पाहिला, तर तोही अळणी. समोरच्या उघड्या दारातून मिठागरातले पांढरे ढीग दिसत होते, एकेक माणसापेक्षा उंच. ते ज्या हातांनी रचले त्याच हातांच्या स्वयंपाकात मिठाचा कण नव्हता. माझी चुळबुळ पाहून तिने एक करवंटी माझ्याकडे सरकवली. "मीट हवं तं घे त्यातलं," ती म्हणाली. "माज्या चुलीवर मीट चढत न्हाय."

का, असं विचारायची माझी छाती झाली नाही. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. आमचं घर पालीकडचं, आम्ही भात पिकवणारी माणसं. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती, गावोगाव शाळा निघत होत्या, आणि मला न्हावा-शेव्याच्या बाजूला एका आगरी गावात मास्तर म्हणून धाडलं होतं. आज त्या किनाऱ्यावर मोठं बंदर आहे. तेव्हा तिथे खाडी, चिखल आणि मीठ एवढंच होतं. शाळेला जागा मिळाली, मास्तरला मिळेना, तेव्हा ठकीबायने आपली पडवी मला दिली. ती पन्नाशीची होती आणि एकटी होती. नवरा जोमा काही वर्षांपूर्वी गेला होता, मूलबाळ झालं नव्हतं. शेजारच्या घरात पुतण्या आणि त्याची बायको कमळी राहत. मी तिला मावशी म्हणू लागलो. ती मला 'मास्तर' म्हणायची आणि लगेच 'तू'वर यायची. पहिले आठ दिवस मला ते लागलं, नंतर कुणी 'तुम्ही' म्हटलं की परकं वाटायला लागलं.

मिठागरात तिचा शब्द चालायचा. भरतीचं पाणी आत घ्यायचं ते बांधातल्या लाकडी दारातून, त्याला तिथे उघाडी म्हणतात. ती किती उघडायची, कधी लावायची, हे बापेही तिला विचारून करत. लुगडं गुडघ्याच्या वर खोचून ती बांधावर उभी राही, पाण्याकडे बघे आणि म्हणे, "थोरं थोरं सोड. पान्याला वाट द्याची, धक्का न्हाय द्याचा." एखाद्या उतावळ्या गड्याने आत भरलेलं पाणी एकदम बाहेर सोडलं तर आतल्या पोकळीने बांध बसतो, हे मी तिच्याकडूनच शिकलो. मिठाचा खडा जिभेवर ठेवून तो कुठल्या वाफ्यातला ते ती सांगत असे. चव बघून झाली की खडा थुंकून टाकायची आणि तोंड खळखळून धुवायची. लोक हसत. तिला त्याचं काही नव्हतं.

तिला लळा होता तो एका कोंबडीचा. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, म्हणून नाव काबरी. गावात कोंबड्या घरोघरी होत्या, पाहुणा आला की त्यातली एक कमी व्हायची. काबरीला मात्र कुठल्याही पाहुण्यासाठी हात लागत नसे. एकदा शाळा तपासायला साहेब आले, तेव्हा मी भीत भीत विषय काढला. मावशी म्हणाली, "सायबाला निवट्या घाल. काबरी घरची हाय." ती सकाळी मावशीच्या मागोमाग मिठागरावर जायची, बांधावर टोचत फिरायची आणि उन्हं चढली की तिच्या पाटीत बसून परत यायची. माझ्या हजेरीपटावर तिच्या पायाचे ठसे उमटलेले आहेत, ते साहेबांनीही पाहिले.

खारी मासळी म्हणजे त्या घरांचा जीव. मावशीच्याही आढ्याला खारवलेल्या मासळीची माळ टांगलेली असे, पुतण्या आणून द्यायचा. स्वतः तिला तोंड लावत नसे. मग ती काबरीला जायची. रोज संध्याकाळी दोन-तीन मुंडकी कुस्करून ती तिच्यापुढे ठेवायची आणि ती खाताना टक लावून बघायची. "खा बाय, माज्या वाट्याचं खा," असं म्हणायची. मला वाटायचं, एकट्या बाईचा विरंगुळा आहे.

चौथ्या वर्षी, होळी उलटल्यावर, काबरीचं चालणं बदललं. पाय फाकून, बदकासारखी डुलत ती चालायला लागली. पोट खाली लोंबू लागलं. कमळी म्हणाली अंडं अडकलंय, गरम पाण्यात बसवा. मी म्हटलं, मावशी, तुझे लाड अंगी लागले, चरबी झाली आहे. मी हसलोसुद्धा. मावशी हसली नाही. तिने काबरीला मांडीवर घेतलं, पोटाच्या एका बाजूला तळवा लावला आणि दुसऱ्या बाजूला हलकीशी टिचकी मारली. मग माझा हात धरून तिथे ठेवला आणि पुन्हा टिचकी मारली. आतून एक लाट येऊन माझ्या तळव्याला लागली. "पानी हाय," ती म्हणाली. तिचा आवाज इतका सपाट होता की माझं हसू जिथल्या तिथे राहिलं.

गुरांचे डॉक्टर आठवड्यातून एकदा पलीकडच्या गावात येत. काबरीला पाटीत घालून आम्ही दोघं बांधाबांधाने तिथे गेलो. बैल घेऊन आलेली माणसं आमच्याकडे बघून खुसखुसत होती. डॉक्टरही आधी म्हणाले, कोंबडीला कसलं औषध, रस्सा करा. मावशी जागची हलली नाही. शेवटी त्यांनी काबरीला तपासलं, जाडशी सुई काढली, मला कोंबडी धरायला सांगितली. सुई आत गेली आणि खालच्या वाटीत पिवळसर पाणी पडू लागलं. काबरी मुकाट होती, तिचं काळीज माझ्या बोटांखाली धडधडत होतं. वाटी अर्धी झाली तशी मावशी म्हणाली, "बस. आता उघाडी लाव." डॉक्टरांना कळेना. मी समजावून सांगितलं. ते तिच्याकडे बघून म्हणाले, "बाई बरोबर बोलते. सगळं एकदम काढलं तर मरेल ही." त्यांनी सुई काढली. मग हात धूत त्यांनी विचारलं, "हिला खायला काय घालता?"

"खारी मासली," मावशी म्हणाली.

"रोज?"

"रोज."

"मग दुसरं काय होणार? मीठ बाधलंय हिला. आजपासून मीठ बंद. पाणीही गोडंच द्या."

परतताना अर्ध्या वाटेवर ती एका बांधावर पाटी खाली ठेवून मटकन बसली. "जोमाला पन ह्येच व्हतं," ती म्हणाली. त्या दिवशी मला सगळं कळलं. जोमाच्या पोटात पाणी भरायचं. मुंबईच्या दवाखान्यात नेऊन दोनदा काढलं, पुन्हा भरलं. डॉक्टरने मीठ तोडलं. जन्मभर मीठ पिकवलेला माणूस दीड वर्ष अळणी पेज पीत होता, कुरकुरत होता, पण पीत होता. शेवटी शेवटी लहान पोरासारखा मागायला लागला. "ठके, आज पेजेत एक खडा टाक. एकच." मावशी म्हणाली, उद्या टाकते. तिला वाटलं, आज मन घट्ट केलं तर माणूस राहील. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

"तवापासून मना मीट गोड लागत न्हाय मास्तर," ती म्हणाली. "त्याला न्हाय दिलं तं मी कशी खाऊ? माज्या वाट्याचं हिला घातलं. आन् हिला बी त्येच झालं."  मी काबरीची पाटी उचलली आणि आम्ही घराकडे निघालो.

पुढचे दोन महिने तिने काबरीसाठी काय केलं नाही! गावची विहीर मचूळ, म्हणून डोंगराच्या कडेच्या झऱ्यावरून एक कळशी तिच्यासाठी वेगळी आणायची. बायका चिडवत, "कोंबरीला गोडं पानी आन् आमाला मचूल!" मिठागरावर न्यायची बंद केली, अंगणात कुडाचा आडोसा करून तिथे ठेवली, खारी माती टोचेल म्हणून खाली पेंढा पसरला. रोज सकाळी पोटाभोवती दोरा लावायचा आणि कालच्या गाठीशी ताडून बघायचा. गाठ आत आली की दिवसभर गाणं गुणगुणायची, बाहेर गेली की मला चहासुद्धा विचारायची नाही. डॉक्टरांनी आणखी दोनदा पाणी काढलं. शेवटच्या खेपेला ते म्हणाले, "आता नका आणू. तिचे हाल करू नका."

मेच्या सुरुवातीला, शाळेला सुट्टी लागायच्या आधी, काबरीने खाणं सोडलं. तुरा निळसर पडला, चोच उघडी टाकून ती श्वास घेऊ लागली. मावशीने तांदळाच्या कण्या भिजवल्या, नाचणी घातली, काबरी मान फिरवायची. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघालो होतो. मावशी उठली, आढ्याखाली गेली आणि माळेतलं एक खारं मुंडकं तोडलं.

"मावशी, अगं डॉक्टरांनी..." मी म्हणालो.

"व्हय, डाक्तरनी," ती म्हणाली आणि कुस्करायला बसली.

वासाबरोबर काबरीने मान वर केली. उभं राहता येत नव्हतं, पण तिने टोचलं. एकदा, मग पुन्हा, मग भराभर. मावशीच्या तळहातावर चोचीचे टोले पडत होते आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "खा," ती म्हणत होती. "खा बाय. आज 'उद्या' न्हाय म्हनाची." मी शाळेत गेलो नाही. दुपारच्या आधी काबरी तिच्या मांडीवरच गेली. परसातल्या भेंडीच्या झाडाखाली मी खड्डा खणला.

हात धुऊन मावशीने पेज केली. करवंटीतला एक खडा उचलला, बराच वेळ चिमटीत धरला आणि स्वतःच्या पेजेत टाकला. पहिला घोट घेतल्यावर तिने डोळे मिटले. "खारट लागतंय रं," ती म्हणाली आणि हसली. मी तिला तसं हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं. मग भांडं खाली ठेवून ती माझ्याकडे वळली. "मास्तर, तू शिकलेला हायस. तुजं आयकतील. माजी येल आली ना, मना आलनी नको जाऊ देऊ. वचन दे." मी तिच्या हातावर हात ठेवला आणि वचन दिलं.

दोन वर्षांनी माझी बदली पालीकडे झाली. दर वर्षी एकदा तरी मी तिच्याकडे जायचो, आमच्याकडचे पोह्यांचे पापड घेऊन. तिला ते फार आवडत. भाजायचीही वाट बघायची नाही, कच्चाच तुकडा तोंडात टाकायची आणि म्हणायची, "मीट बेताचं हाय. तुज्या आयला मिटाचा हात हाय." माझ्या आईला आयुष्यात याहून मोठं कौतुक मिळालं नसेल.

साठ सालाच्या पुढची गोष्ट. पनवेलच्या एसटी स्टँडवर तिच्या गावचा एक माणूस भेटला. म्हणाला, ठकीबायचे पाय सुजलेत, डॉक्टरने कडक पथ्य सांगितलंय. कसलं पथ्य ते मी विचारलं नाही, विचारायची गरजच नव्हती. त्याच पावली जायला हवं होतं. पण शाळेच्या परीक्षा तोंडावर आल्या होत्या. परीक्षा आटोपल्या की जाऊ, असं मी मनाशी म्हटलं. पोरांचे पेपर तपासले, निकाल लावले आणि मग पापडांची पिशवी घेऊन निघालो. अठरा दिवस गेले होते.

पडवीत मावशीचं अंथरूण नव्हतं. कमळी बाहेर आली, मला पाहून पदर तोंडाला लावला. मावशीला जाऊन आठ दिवस झाले होते. कमळीने फार केलं होतं तिचं, ते घर बघूनच कळत होतं. ती सांगत होती, "शेवटी शेवटी लय मीट मागाची. रडाची सुदीक. 'मास्तरला बोलवा, त्याला ठावं हाय' म्हनाची. आमी म्हनलं, मास्तर येवून काय करनार? पन मास्तर, आमी डाक्तरचं आयकलं. शेवटपरत मिटाचा कन लागू दिला न्हाय तिला."

ती माझ्याकडे बघत होती, शाबासकीच्या आशेने. बिचारीची काय चूक? ठकीबायने जोमासाठी केलं तेच तिने केलं होतं.

"बरं केलंस, कमळे," मी म्हणालो.

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, आत पाहिलं, पापड पाहून पुन्हा डोळे पुसले आणि मला पेज वाढली. पेज गरम होती, मीठ बेताचं होतं. मला ती गिळवली नाही.